घटक ४ : ‘लाय’ आणि ‘ले’ – दोन इंग्रजी क्रियापदांतील अर्थभेद आणि मराठीतील प्रयोजकता

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर ‘लाय’ आणि ‘ले’ या दोन इंग्रजी क्रियापदांतील भेद आपल्याला मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगता येईल. त्यांची भूतकाळी रूपे ओळखता येतील. मराठीतील ‘पडणे–पाडणे’, ‘तुटणे–तोडणे’ अशा जोड्यांशी त्यांचे नाते काय, हे स्पष्ट करता येईल. तसेच ‘पडणे’, ‘झोपणे’ आणि ‘ठेवणे’ या मराठी क्रियापदांचे इंग्रजी भाषांतर करताना कोठे थांबून विचार करावा, हे ठरवता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात दोन इंग्रजी क्रियापदांवर एक संपूर्ण घटक कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. ‘लाय’ म्हणजे आडवे असणे किंवा आडवे होणे आणि ‘ले’ म्हणजे ठेवणे, एवढा भेद शाळेत एका ओळीत सांगून झालेला असतो. तरीही लिहिण्याची वेळ आली की हात अडखळतो. पुष्कळांना वाटते की हा पाठांतराचा प्रश्न आहे आणि आपले पाठांतर कच्चे राहिले. प्रस्तुत घटकात आपण वेगळी भूमिका घेणार आहोत. या दोन शब्दांमधील संबंध मुळात व्याकरणाचा आहे, आणि तो संबंध आज इंग्रजी भाषकाच्या बोलण्यापेक्षा मराठी भाषकाच्या बोलण्यात अधिक जागता आहे. ज्याला आपण परक्या भाषेचा अवघड नियम समजतो, तो आपण घरात दिवसभर पाळत असतो.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. आपल्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून शिकत आहेत. कोणी पोलीस ठाण्यात आहे, कोणी रुग्णालयात, कोणी वकिलाच्या कार्यालयात. पुढील वाक्य पाहा : ‘मी पोहोचलो तेव्हा तो जमिनीवर पडला होता.’ महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांत असा जबाब मराठीतच नोंदवला जातो. प्रकरण उच्च न्यायालयात गेले की तेथील कामकाज इंग्रजीत चालत असल्याने त्याचे भाषांतर करावे लागते. आता भाषांतरकाराने ‘पडला होता’ याचे काय करावे? तो माणूस ‘पडलेल्या अवस्थेत होता’ असे साक्षीदाराला म्हणायचे आहे, की ‘तो नुकताच कोसळला होता’ असे? पहिल्या अर्थी ‘लाय’ हे क्रियापद येईल, दुसऱ्या अर्थी ‘फॉल’. पहिला अर्थ घेतला तर साक्षीदार कोसळण्याविषयी काहीच सांगत नाही; दुसरा घेतला तर कोसळण्याच्या घटनेविषयी तो एक विधान करतो, आणि उलटतपासणीत त्याला ‘हे तुला कसे कळले?’ असे विचारले जाऊ शकते. मूळ मराठी वाक्यात दोन्ही अर्थ नांदतात. इंग्रजीत एक निवडल्यावाचून गत्यंतर नाही.

४.२ रूपांचा गुंता

प्रथम शब्दांची रूपे नीट ओळखून घेऊ. ‘लाय’ हा शब्द एल-आय-ई या अक्षरांनी लिहितात आणि ‘ले’ हा एल-ए-वाय या अक्षरांनी. दोन्ही तीन अक्षरी, दोन्ही ‘एल’ने सुरू होणारे. गोंधळाला दिसण्यातले साम्य काही अंशी कारणीभूत आहे, पण खरी अडचण भूतकाळात आहे.

‘लाय’ची रूपे अशी : वर्तमानकाळ ‘लाय’, भूतकाळ ‘ले’, भूतकाळवाचक धातुसाधित ‘लेन’.
‘ले’ची रूपे अशी : वर्तमानकाळ ‘ले’, भूतकाळ ‘लेड’, भूतकाळवाचक धातुसाधित पुन्हा ‘लेड’.

म्हणजे ‘ले’ हे एकच रूप दोन ठिकाणी बसले आहे. एका क्रियापदाचा तो भूतकाळ आहे, तर दुसऱ्याचा वर्तमानकाळ. एल-ए-वाय ही तीन अक्षरे समोर आली की काळ कोणता आणि क्रियापद कोणते हे वाक्यावरूनच ठरवावे लागते. ‘लेड’चे लेखनही लक्षात ठेवावे. त्याचे अक्षरलेखन ‘पेड’ आणि ‘सेड’ यांच्या धर्तीवर एल-ए-आय-डी असे होते. ‘ले’ला ‘ई-डी’ जोडून केलेले लेखन अशुद्ध मानतात.

याच रांगेत एक तिसरा शब्द उभा असतो. खोटे बोलणे या अर्थाचा ‘लाय’ उच्चारात आणि लेखनात पहिल्या ‘लाय’सारखाच असला, तरी त्याचे मूळ वेगळे आहे. प्राचीन इंग्रजीत हे दोन शब्द स्पष्टपणे निराळे होते. कालौघात झिजून ते एकसारखे झाले. खोटे बोलण्याच्या ‘लाय’चा भूतकाळ नियमित पद्धतीने ‘लाईड’ असा होतो. मराठीत ‘कर’ हा हात, ‘कर’ हा सरकारी पट्टी आणि ‘कर’ हे आज्ञार्थी क्रियापद जसे केवळ रूपाने एक, तसेच हे. ‘लेमन’, म्हणजे त्या विषयातला सामान्य माणूस, या शब्दातील ‘ले’ तर ग्रीकमधील ‘लोक’ या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आलेला आहे. त्याचा येथे काही संबंध नाही.

४.३ मराठी प्रयोगांची कसोटी

‘लाय’ अकर्मक आहे, ‘ले’ सकर्मक आहे, असे इंग्रजी व्याकरणे सांगतात. विधान बरोबर आहे. पण नुसते कर्म शोधत बसण्यापेक्षा मराठी भाषकापाशी अधिक सोपी कसोटी आहे, आणि ती आपण कर्तरी, कर्मणी व भावे या प्रयोगांच्या अभ्यासात आधीच शिकलो आहोत.

मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात आले की कर्त्याला सामान्यतः ‘ने’ हा प्रत्यय लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते किंवा नपुंसकलिंगी एकवचनी राहते. अकर्मक क्रियापदाचा कर्ता मात्र प्रथमेतच राहतो. म्हणून वाक्य तृतीय पुरुषात आणि भूतकाळात मराठीतून म्हणून पाहावे.

‘तिने पत्र टेबलावर ठेवले.’ येथे कर्त्याला ‘ने’ आहे, प्रयोग कर्मणी आहे, इंग्रजीत ‘लेड’.
‘तिने बाळाला पाळण्यात ठेवले.’ येथे प्रयोग भावे आहे. तरीही ‘ने’ आहे, म्हणून ‘लेड’.
‘ती सोफ्यावर आडवी झाली.’ कर्ता प्रथमेत, प्रयोग कर्तरी. इंग्रजीत ‘शी ले डाउन ऑन द सोफा’.

थोडक्यात, ‘ने’ असेल तेथे ‘लेड’ आणि ‘ने’ नसेल तेथे ‘ले’. ‘शी लेड ऑन द सोफा’ हे वाक्य का खटकते, ते आता आपल्याला इंग्रजी नियमाचा आधार न घेता सांगता येईल. ‘तिने सोफ्यावर पहुडली’ असे म्हटल्यासारखे ते आहे, आणि ते कोणाही मराठी माणसाच्या कानाला आपोआप टोचते.

या कसोटीच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. ‘मी’, ‘आम्ही’, ‘तू’, ‘तुम्ही’ या सर्वनामांना प्रमाण मराठीत ‘ने’ लागत नाही, म्हणून वाक्य ‘तो’ किंवा ‘ती’ घेऊनच तपासावे. ‘शिकणे’, ‘विसरणे’, ‘पिणे’ अशी काही क्रियापदे कर्म घेत असूनही कर्तरी चालतात : ‘ती धडा शिकली’, ‘तो नाव विसरला’. सुदैवाने ‘ले’च्या अर्थाने आपण जी क्रियापदे वापरतो, म्हणजे ठेवणे, मांडणे, अंथरणे, घालणे, रचणे, त्यांपैकी एकही या अपवादांत मोडत नाही. वर्तमानकाळात ‘ने’ नसतो; तेथे ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असा प्रश्न क्रियापदाला विचारावा. उत्तर मिळाले तर ‘ले’, नाही मिळाले तर ‘लाय’.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
‘त्याने विटा रचल्या’, ‘कुत्रा उंबऱ्यावर पहुडला’, ‘कोंबडीने अंडे घातले’ या वाक्यांतील प्रयोग ओळखा आणि प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘ले’ येईल की ‘लेड’, ते सांगा.

४.४ प्रयोजकतेचा इतिहास

आता या घटकातील मुख्य मुद्द्याकडे वळू. ‘लाय’ आणि ‘ले’ हे योगायोगाने सारखे दिसणारे शब्द नाहीत. दुसरा शब्द पहिल्यापासून तयार केलेला आहे. ‘लाय’ म्हणजे आडवे असणे. ‘ले’ म्हणजे आडवे असेल असे करणे. मराठी व्याकरणात अशा क्रियापदाला आपण प्रयोजक क्रियापद म्हणतो. मूळ क्रिया करणारा एक आणि ती करवणारा दुसरा, असा अर्थ त्यात असतो.

चौथ्या शतकातील बायबलच्या भाषांतरामुळे आपल्याला गॉथिक ही प्राचीन जर्मानिक भाषा ठाऊक आहे. इंग्रजीची ती चुलत बहीण. तीत ‘आडवे असणे’ यासाठी ‘लिगन’ आणि ‘आडवे ठेवणे’ यासाठी ‘लग्-यन’ ही क्रियापदे आहेत. ‘बसणे’ म्हणजे ‘सितन’ आणि ‘बसवणे’ म्हणजे ‘सत्-यन’. दोन्ही जोड्यांत काय घडले ते पाहा : धातूतील ‘इ’चा ‘अ’ झाला आणि धातूपुढे ‘य’ आला. हीच रचना इंग्रजीच्या पूर्वरूपातही होती. पुढे त्या ‘य’ने आपल्या मागच्या स्वराला स्वतःकडे ओढले, ‘अ’चा ‘ए’ झाला, आणि काम झाल्यावर ‘य’ स्वतः नाहीसा झाला. प्राचीन इंग्रजीत उरले ते ‘लिज्जन’ आणि ‘लेज्जन’, ‘सित्तन’ आणि ‘सेत्तन’. आजचे ‘लाय–ले’ आणि ‘सिट–सेट’ ते हेच.

या ‘य’कडे संस्कृतच्या जाणकाराने क्षणभर थबकून पाहिले पाहिजे. संस्कृतात ‘सद्’ म्हणजे बसणे. वर्तमानकाळी रूप ‘सीदति’ आणि प्रयोजक रूप ‘सादयति’. येथेही धातूचा स्वर बदलतो आणि पुढे ‘अय’ येतो. इंग्रजी ‘सिट’ आणि संस्कृत ‘सद्’ एकाच आदि-भारत-युरोपीय धातूपासून आले आहेत, आणि ‘सेट’ व ‘सादयति’ हे तर धातू आणि प्रत्यय दोन्ही बाबतींत एकमेकांचे प्रतिरूप आहेत. सदन, संसद, परिषद, उपनिषद या आपल्या शब्दांत जो धातू आहे तोच इंग्रज माणूस खुर्चीवर बसताना वापरतो. ‘लाय’चा धातू मात्र संस्कृतात क्रियापदाच्या रूपाने आढळत नाही; तेथे ‘शी’ धातूचे ‘शेते’ ते काम करते. तरी ‘ले’ घडवणारा साचा ‘सादयति’चाच आहे.

हाच साचा प्राकृतांमार्गे मराठीत उतरला. संस्कृत ‘पतति’ – ‘पातयति’ या जोडीतून प्राकृतात ‘पडइ’ – ‘पाडेइ’ झाले आणि मराठीत ‘पडणे’ – ‘पाडणे’. ‘ज्वलति’ – ‘ज्वालयति’ यांतून ‘जळणे’ – ‘जाळणे’ आले. ‘गलति’ – ‘गालयति’ यांतून ‘गळणे’ – ‘गाळणे’. ‘मारयति’मधून ‘मारणे’. ‘तुटणे–तोडणे’ आणि ‘फुटणे–फोडणे’ यांत स्वराबरोबर व्यंजनही बदललेले दिसते. त्याचे कारण असे की ‘त्रुट्यति’मधील जोडाक्षराचे प्राकृतात ‘ट्ट’ झाले आणि मराठीत त्याचा ‘ट’ उरला, तर ‘त्रोटयति’मधील एकटा ‘ट’ मृदू होऊन त्याचा ‘ड’ झाला. या सर्व जोड्यांत मूळचा ‘अय’ प्रत्यय आज कोठेही ऐकू येत नाही. त्याच्या अस्तित्वाची खूण म्हणून फक्त बदललेला स्वर शिल्लक राहिला आहे. इंग्रजीत जे घडले तेच! हजारो मैलांच्या अंतरावर, एकमेकींचा मागमूस नसताना, दोन भाषांनी एकच वारसा जवळपास एकाच तऱ्हेने झिजवला.

मात्र येथून पुढे दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. मराठीत जुन्या स्वरबदलाच्या जोड्या तर आहेतच; शिवाय ‘-व-’ हा प्रयोजक प्रत्यय पूर्णपणे जिवंत आहे. संस्कृतातील ‘स्थापयति’, ‘दापयति’ या रूपांतील ‘आपय’पासून तो आलेला आहे. बसणे–बसवणे, हसणे–हसवणे, निजणे–निजवणे, करणे–करवणे. नवे क्रियापद भाषेत आले की मराठी भाषक कोणालाही न विचारता त्याचे प्रयोजक रूप करून टाकतो. इंग्रजीत असा प्रत्यय उरलेला नाही. कोणाला हसवायचे असेल तर इंग्रजाला ‘मेक’ हे वेगळे क्रियापद जोडून काम भागवावे लागते. जुन्या व्यवस्थेचे काही अवशेष तेवढे राहिले. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे. ‘ड्रिंक’ म्हणजे पिणे आणि ‘ड्रेंच’ म्हणजे मुळात पाजणे. आज त्याचा रूढ अर्थ चिंब भिजवणे असा झाला असला, तरी पशुवैद्यकात जनावराला पातळ औषध पाजण्याला आजही ‘ड्रेंच’ म्हणतात. ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांना बैलाचे तोंड वर धरून नळीने औषध पाजण्याचा प्रसंग ठाऊक असेल. एक लुप्त झालेला व्याकरणिक अर्थ तेवढ्या एका गोठ्यात टिकून आहे.

४.५ इंग्रजी भाषकच का चुकतात?

‘सिट’ आणि ‘सेट’ यांत कोणी फारसे चुकत नाही. ‘लाय’ आणि ‘ले’ यांत मात्र इंग्लंड-अमेरिकेतील शिकलेली माणसेही चुकतात. वरील इतिहास लक्षात घेतला तर याचे आश्चर्य वाटू नये. ‘ले’ हे ‘लाय’चे प्रयोजक रूप आहे ही जाणीव देणारी व्यवस्थाच इंग्रजीत विझून गेली आहे. उरले आहेत दोन सुटे शब्द, आणि त्यांत एक रूप सामाईक. त्यातच ‘लेड डाउन’ म्हणताना दोन ‘ड’ एकत्र मिसळतात आणि ऐकणाऱ्याला ते ‘ले डाउन’सारखेच ऐकू येते. शिवाय जुन्या इंग्रजीत ‘स्वतःला आडवे ठेवणे’ अशी आत्मवाचक रचना होती; तीतील ‘स्वतःला’ गळून पडले की ‘ले’ आपोआप अकर्मक होते.

म्हणून ‘ले’चा अकर्मक वापर ही आजच्या पिढीची बेफिकिरी नव्हे. तो मध्ययुगापासून आढळतो. बायरनने ‘चाइल्ड हॅरल्ड’च्या १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या सर्गात ‘लाय’च्या जागी ‘ले’ वापरले आहे. बॉब डिलनच्या १९६९ मधील ‘ले लेडी ले’ या गीताच्या शीर्षकातच हा वापर आहे. त्याच डिलनला २०१६ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. अठराव्या शतकापासून व्याकरणकारांनी या वापरावर बोट ठेवले, शाळांनी तो खोडला, पण बोलीतून तो गेला नाही.

याविषयी आपली भूमिका काय असावी? भाषावैज्ञानिक वर्णन करतो, निवाडा करत नाही, हे आपण पहिल्या घटकात पाहिले. त्या अर्थाने अकर्मक ‘ले’ हे इंग्रजीच्या एका बोलीरूपाचे वास्तव आहे आणि त्याला हसण्याचे कारण नाही. परंतु परीक्षेची उत्तरपत्रिका, नोकरीचा अर्ज आणि न्यायालयात सादर होणारे भाषांतर यांत प्रमाण लेखनाची अपेक्षा असते. तेथे भेद पाळणे श्रेयस्कर. एवढे मात्र खरे की या एका चुकीवरून कोणाच्या बुद्धीचे माप काढणाऱ्याला भाषेच्या इतिहासाची फारशी माहिती नसते.

४.६ ‘पडणे’, ‘झोपणे’, ‘ठेवणे’ : भाषांतरातील कसोटीची स्थळे

‘लाय–ले’ ही जोडी ‘पडणे–पाडणे’ या जोडीसारखी आहे असे वर म्हटले, ते रचनेपुरते. अर्थाच्या बाबतीत मात्र दोन्ही जोड्या एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत, आणि भाषांतरकाराचे खरे काम तेथेच सुरू होते.

मराठी ‘पडणे’ या एका क्रियापदात दोन अर्थ आहेत. एक घटनेचा : ‘आंबा झाडावरून पडला.’ दुसरा त्या घटनेनंतरच्या अवस्थेचा : ‘आंबा झाडाखाली पडला आहे.’ इंग्रजीत पहिल्यासाठी ‘फॉल’ आणि दुसऱ्यासाठी ‘लाय’ अशी वेगळी क्रियापदे आहेत. याशिवाय मराठीत ‘जरा पडतो’ म्हणजे थोडा वेळ आडवा होतो. येथे कोसळण्याचा लवलेशही नाही. ‘आजी खाटेवर पडली’ हे वाक्य एकटे वाचले तर आजी विश्रांती घेत आहे की तोल जाऊन खाटेवर आदळली आहे, ते सांगता येत नाही. घरात असताना आपण प्रसंगावरून समजून घेतो. रुग्णालयातील नोंदीत प्रसंग सोबत जात नाही.

प्रस्तावनेतील जबाब आठवा. ‘तो जमिनीवर पडला होता’ या वाक्यातील संदिग्धता मराठीतच दूर करता येते. अवस्था सांगायची असेल तर ‘पडून होता’ किंवा ‘पडलेला होता’ असे लिहावे. घटना सांगायची असेल तर ‘तो पडताना मी पाहिला’ किंवा ‘माझ्यादेखत तो पडला’ असे लिहावे. पहिल्याचे इंग्रजी ‘वॉज लाइंग’ किंवा ‘ले’, दुसऱ्याचे ‘फेल’. आपल्यापैकी ज्यांना जबाब, पंचनामे किंवा परिचारिकेची नोंदवही लिहावी लागते, त्यांनी ‘पडला होता’ हे रूप शक्यतो टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ज्यांच्याकडे असा मजकूर भाषांतरासाठी येतो त्यांनी मनाने अर्थ न ठरवता आधी पुढचे-मागचे जबाब वाचावेत. तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर संदिग्धता असल्याची टीप जोडावी. साक्षीदाराने जे सांगितले नाही ते भाषांतरकाराने त्याच्या तोंडी घालू नये.

‘पाडणे’ची गोष्ट याहून नाजूक. ‘पडणे’चा ‘आडवे असणे’ हा अर्थ ‘पाडणे’त उतरलेला नाही, त्यात फक्त कोसळवण्याचा अर्थ आला. ‘त्यांनी त्याला जमिनीवर पाडले’ यात बळाचा वापर आहे. ‘त्यांनी त्याला जमिनीवर झोपवले’ किंवा ‘ठेवले’ यात तो असेलच असे नाही. जखमी माणसाला सावलीत आणून निजवणारेही असे म्हणतील. इंग्रजी ‘लेड हिम ऑन द ग्राउंड’ हे या दुसऱ्या वाक्याचे भाषांतर आहे, पहिल्याचे नव्हे. मारहाणीच्या प्रकरणात या एका शब्दाने आरोपीचा मदतनीस होऊ शकतो आणि मदतनिसाचा आरोपी.

‘झोपणे’ या क्रियापदातही असेच दोन अर्थ आहेत. ‘डॉक्टरांनी टेबलावर झोपायला सांगितले’ याचा अर्थ आडवे व्हायला सांगितले. झोप लागणे अपेक्षित नाही. त्याचे ‘स्लीप ऑन द टेबल’ असे भाषांतर आपल्याकडे सर्रास ऐकू येते. तेथे ‘लाय डाउन’ हवे.

‘ठेवणे’च्या बाबतीत अडचण उलट दिशेने येते. टेबलावर पुस्तक आहे. मराठी माणूस म्हणतो, ‘पुस्तक टेबलावर ठेवले आहे’. कोणीतरी ते मुद्दाम तेथे ठेवले, हे त्याला सुचवायचे असते. तो ‘पुस्तक टेबलावर पडले आहे’ असे म्हणाला तर त्यात हेळसांडीची छटा येते. ‘फाईल तीन महिने पडून आहे’ या तक्रारीत ती छटा आपल्या परिचयाची आहे. इंग्रजी ‘लाय’मध्ये अशी छटा असतेच असे नाही. पुस्तक जपून ठेवलेले असो वा टाकलेले असो, ते टेबलावर ‘लाय’ करते. ही छटा टाळण्यासाठी आपण ‘ठेवले आहे’चे शब्दशः ‘इज केप्ट’ करतो आणि भारतीय इंग्रजीचे एक ओळखीचे वाक्य तयार होते. बोलताना त्याने काही बिघडत नाही. भाषांतर करताना मात्र विचारावे, की ठेवणारी व्यक्ती येथे महत्त्वाची आहे का? असेल तर ‘लेड’ किंवा ‘पुट’ वापरून ती व्यक्ती वाक्यात आणावी. नसेल तर ‘इज लाइंग’ पुरेसे आहे.

४.७ ‘ले’ला मराठीत एक शब्द नाही

इंग्रजीतून मराठीत येतानाची वाट अधिक सुखाची आहे. ‘ले’ला मराठीत एकच प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट धरू नये, कारण मराठी येथे अधिक श्रीमंत आहे. ठेवली जाणारी वस्तू कोणती, यावर आपले क्रियापद ठरते. सतरंजी अंथरतात, विटा रचतात, पाया घालतात, ताटे मांडतात, रूळ टाकतात, फरशी बसवतात. कोंबडी अंडी घालते. या सर्व ठिकाणी इंग्रज ‘ले’ म्हणतो. ‘सतरंजी ठेवली’ असे लिहिणाऱ्याचे व्याकरण चुकलेले नसते, पण वाचकाला ती घडी केलेली, कोपऱ्यात ठेवलेली सतरंजी दिसते. ‘लाय’चेही तसेच आहे. गाव नदीकाठी वसलेले असते, दोष कोणाकडे तरी असतो, रान पडीक असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
(अ) पुढील वाक्यांत कोणता अर्थ संदिग्ध आहे ते सांगून प्रत्येकाची दोन असंदिग्ध मराठी वाक्ये लिहा : ‘म्हातारा ओट्यावर पडला.’ ‘पेशंट झोपला आहे.’ ‘गाडी खड्ड्यात पडली होती.’
(आ) ‘पाजणे’, ‘जाळणे’, ‘निजवणे’, ‘तोडणे’ यांची मूळ क्रियापदे द्या. त्यांपैकी कोणती रूपे ‘-व-’ प्रत्ययाने झाली आहेत आणि कोणती धातूतच बदल होऊन, ते लिहा.
(इ) ‘फॉल – फेल’ या इंग्रजी जोडीत ‘फेल’ हे रूप दोन कामे करते. ‘ले’च्या उदाहरणाशी तुलना करून ती कोणती, हे आठ ते दहा ओळींत स्पष्ट करा.

क्षेत्रीय कार्य
आपल्या कामाच्या ठिकाणी, घरी किंवा वृत्तपत्रात एका आठवड्यात आढळलेली ‘पडणे’ या क्रियापदाची वीस वाक्ये जशीच्या तशी उतरवून घ्या. व्यक्तींची नावे वगळावीत. प्रत्येक वाक्यात घटना सांगितली आहे, अवस्था सांगितली आहे, की दोन्ही शक्य आहेत, ते समोर नोंदवा. ज्या वाक्यांत दोन्ही अर्थ शक्य आहेत, तेथे बोलणाऱ्याला प्रत्यक्ष विचारता आले तर त्याचे उत्तरही लिहा. संपर्कसत्रात या नोंदी सोबत आणाव्यात.